दोन बोटं सावली

सेलूच्या स्टेशन रोडवर, जिनिंगच्या भिंतीला टेकून, एक पत्र्याची टपरी होती. पाटीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, पंचशील बॅटरी सर्व्हिस. आत सिताराम बसायचा. बसायचा म्हणजे दिवसभर वाकलेला असायचा. बॅटरीचं बूच काढायचा, काचेची नळी आत बुडवायचा, नळीच्या वरचा रबरी फुगा दाबून सोडायचा. नळीत तेजाब चढायचं. त्या तेजाबात काचेची एक बारीक कांडी तरंगायची. ती किती वर आली यावरून तो बॅटरीत जीव किती उरलाय ते सांगायचा.

"उपाशी हाय," तो म्हणायचा. "खाऊ घातलं की चालंल."

किंवा म्हणायचा, "हिनं खायचंच सोडलंय. आता ही दाराला टेकण लावायच्या कामाची."

गिऱ्हाईक हसायचं, पण दुसरीकडे जायचं नाही. सितारामनं मेली म्हटलेली बॅटरी पुन्हा जिवंत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्याच्या एकाही सदऱ्याला धड बाही नव्हती. तेजाबाचा थेंब उडाला की कापडाला भोक पडायचं, आणि ते धुतल्यावर मोठं व्हायचं. त्याची बायको गीताबाई म्हणायची, "यांच्या सदऱ्यानं मी पीठ चाळते."

शाळा सातवीपर्यंत. पुढच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला आणि तो आई बायनाबाईबरोबर पाझर तलावाच्या कामावर गेला. दुष्काळ संपल्यावर परभणीला एका चाचांच्या दुकानात बॅटऱ्या उचलायला लागला. तेजाब हा शब्द त्या दुकानातला. चाचा बोलायचे कमी. शिकवायची त्यांची रीत एकच होती. बॅटरी समोर ठेवायची आणि म्हणायचं, "पूछ उसको." तिलाच विचार.

मग सितारामनं आपल्या गावी स्वतःची टपरी घातली. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव जे झालं ते त्याच्याही गावात झालं. टपरी जळाली. त्या दिवशी तो एका ट्रॅक्टरची बॅटरी बघायला शेतात गेला होता. नळी खिशात होती, तेवढी वाचली. ती नळी घेऊन तो सेलूला आला. कुणी विचारलंच तर नळी दाखवायचा आणि म्हणायचा, "ही तवाची. अजून खरं सांगते."

त्याला एकच खोड होती. कुठलीही वस्तू बिघडली की ती दुरुस्त होण्याआधी त्याला ती का बिघडली हे हवं असायचं. मेलेल्या बॅटऱ्या तो रविवारी फोडून बघायचा. प्लेटा दगडावर ओळीनं मांडायचा. गीताबाई विचारायची, "मेलेलीचं काय बघता?" तो म्हणायचा, "कुठून मरायला लागली ते."

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात त्याला असं कोडं भेटलं की त्यानं एक अख्खा दिवस टपरी बंद ठेवली.

कोडं त्याच्या घरातूनच आलं होतं. त्याची धाकटी बहीण सत्यशीला नर्स होती. पुण्याच्या एका संस्थेनं जिल्ह्यात एक फिरता दवाखाना आणला होता आणि तिची नेमणूक त्या गाडीवर होती. पांढरी, उंच गाडी. आत झोपायला एक बाक, एक पंखा, एक दिवा आणि जाड भिंतींचा छोटा फ्रीज. फ्रीजमध्ये पोरांच्या लशी. गाडी झरी, राणीसावरगाव अशी गावं करत फिरायची, तिथंच मुक्काम करायची. गावात दोन दोन दिवस वीज नसली तरी लस थंड राहायची, कारण फ्रीज चालायचा तो एका वेगळ्या बॅटरीवर. इंजिनाची बॅटरी निराळी. ही दुसरी, फक्त गाडीतल्या संसारासाठी. आणि ती भरायची उन्हावर. गाडीच्या टपावर काळ्या काचेचं एक मोठं पॅनेल होतं. त्यात तळहाताएवढ्या छत्तीस काळ्या चकत्या. ऊन पडलं की त्यातून वीज निघायची.

हे सितारामला पहिल्यांदा कळलं तेव्हा तो टपावर चढून अर्धा तास नुसता बसला होता. ना चाक, ना पट्टा, ना आवाज. उन्हात नुसतं पडून राहायचं आणि वीज. "आपल्या इथं ऊन कमी न्हाई," तो खाली उतरून म्हणाला होता. "वाया जायलतं निस्तं."

पाडव्यापर्यंत सगळं नीट चाललं. पाडव्यानंतर बॅटरी उतरायला लागली. दुपारी चारला फ्रीज बंद. राणीसावरगावला एक खेप लस फेकून द्यावी लागली. वीस बाया पोरं घेऊन आल्या होत्या. त्यांना सत्यशीलानं परत पाठवलं. त्यातली एक म्हणाली, "पाच कोस चालून आले बाई." सत्यशीलाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग पुण्याहून पत्र आलं. गाडी प्रयोगासाठी दिलेली आहे. शनिवारी साहेब येतील. बॅटरी भरत नसेल तर गाडी परत नेतील आणि दुसऱ्या जिल्ह्याला देतील.

सत्यशीलानं सोमवारी ते पत्र टपरीत आणून भावापुढे धरलं.

"गाडी गेली की मी बी घरी, दादा. माझं नाव गाडीवर हाय."

"बॅटरी कुठाय?"

"गाडीत."

"मग कागद काय दाखवायलीस? बॅटरी दाखव."

गाडी टपरीसमोर उभीच होती. ड्रायव्हर किशनराव झरीचे. पंचेचाळिशीचे, मिशीवाले, चाव्या बोटात फिरवायची सवय. गाडी चांगली चालवायचे आणि जीभ तिच्याहून जोरात. ते बॉनेटला टेकून म्हणाले,

"बघा मिस्त्री. तुमच्यानं व्हतंय का. पुण्याच्या काचंला सेलूचं तेजाब लागू पडतंय का बघू."

"उन्हात लावता ना गाडी?" सितारामनं विचारलं.

"मग काय लिंबाखाली लावतो? मला काय उन्हाची किंमत म्हाईत न्हाई?"

सत्यशीलानं मान हलवली. गाडी उन्हातच असायची. ती स्वतः बघायची.

सितारामनं बॅटरी काढली. नळी बुडवली. कांडी तळाला बसली होती. पार उपाशी. त्यानं ती टपरीतल्या चार्जरला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नळी घातली. सहाही घरांत कांडी वर, एकसारखी. मग त्यानं तिच्यावर मोटारीचा मोठा दिवा जोडला आणि चार तास जळत ठेवला. दिवा मंद झाला नाही.

"बॅटरी निर्दोष," तो म्हणाला.

"मग दोष कुणाचा? माझा?" किशनराव म्हणाले.

"अजून ठरायचंय."

मंगळवारी त्यानं वायरा तपासल्या. टोकांवर पांढरी बुरशी आली होती, ती गरम पाण्यानं धुतली. मध्ये एक बारका डायोड होता, रात्री बॅटरीतली वीज उलटी टपावर जाऊ नये म्हणून. तो काढून दोन्ही बाजूंनी मीटर लावून बघितला. एकीकडून वाट देत होता, दुसरीकडून अडवत होता. म्हणजे ठीक. मग टपावरून आलेल्या दोन वायरांना मीटर लावलं. काटा झपकन एकोणीस व्होल्टवर गेला.

बारा व्होल्टच्या बॅटरीला एकोणीस. भरपूर.

त्यानं सगळं जोडलं. किशनराव म्हणाले, "झालं?" सितारामनं पाना पुसून ठेवला. त्याला जमलं असं वाटत नव्हतं. त्यानं काहीच दुरुस्त केलेलं नव्हतं. सगळं तपासलं होतं आणि सगळं चांगलं निघालं होतं. चांगल्या वस्तू एकत्र येऊन वाईट कशा वागतील?

बुधवारी सकाळी अकराला फ्रीज पुन्हा बंद पडला.

सत्यशीलानं लशी बर्फाच्या डब्यात भरल्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात ठेवून आली. परत आली तेव्हा किशनराव चहाच्या गाड्यावर चार जणांत बसले होते. तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "शनवारी गाडी पुण्याला सोडायची. माझं काय, मला दुसरी गाडी मिळंल. मिस्त्री, तुमच्या नामांतराचं अन् या बॅटरीचं सारखंच दिसतंय. रोज चर्चा, भरत काईच न्हाई."

चौघे हसले.

सिताराम गाडीखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "दोन्ही व्हणार किशनराव. आधी काय व्हतंय तेवढं बघायचं राह्यलंय."

मग तो टपरीत जाऊन बसला. गिऱ्हाईक आलं ते परत गेलं. त्याच्या डोक्यात तो काटा होता. एकोणीस. तो खोटं बोलत नव्हता. मग बॅटरीला का पोचत नव्हतं?

गीताबाई डबा घेऊन आली तेव्हा तो हंड्याकडे बघत होता. टपरीत उंच फळीवर पाण्याचा हंडा होता आणि त्याला खाली तोटी. तोटी बंद होती.

"हंडा किती उंच हाय?" त्यानं विचारलं.

"तुमीच ठेवलाय. मला काय विचारता?"

"तोटी बंद असली तरी हंडा तेवढाच उंच असतो न?"

"जेवा," गीताबाई म्हणाली.

तो उठला. व्होल्ट म्हणजे हंड्याची उंची. त्यानं उंची मोजली होती. पाणी किती वाहतं ते मोजलंच नव्हतं. चार्जरवरचा ॲम्पिअरचा मीटर त्यानं पान्यानं खोलून काढला. न जेवता गाडीकडे गेला. टपाकडून येणारी एक वायर तोडून मध्ये तो मीटर जोडला. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. पॅनेलबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, अशा उन्हात तीन ॲम्पिअर यायला हवेत.

काटा पाऊणवर होता.

सितारामला घाम फुटला होता, पण तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा कुठलीतरी वस्तू वाईट निघाली होती.

गुरुवारी सकाळीच त्यानं टपरीला कुलूप घातलं. शिडी लावली. सत्यशीलाला मीटरपाशी बसवलं. किशनरावांना शिडी धरायला सांगितली. ते धरायला तयार झाले, कारण बघायची हौस त्यांनाही होती.

"मी वरून हात लावतो. काटा हालला की सांग," सिताराम बहिणीला म्हणाला. "न हालला तरी सांग."

टपावर काच तव्यासारखी तापलेली होती. त्यानं पाय पोत्यावर ठेवले. काच स्वच्छ दिसत होती. किशनराव रोज सकाळी कोरडं फडकं मारायचे. छत्तीस चकत्या, चार ओळी, एकेका ओळीत नऊ. एका चकतीतून निघालेली रुपेरी पट्टी दुसरीत, दुसरीतून तिसरीत. ओळ संपली की पुढच्या ओळीत. पहिलीपासून छत्तिसावीपर्यंत एकच वाट.

त्यानं मधल्या एका चकतीवर पंजा ठेवला. अख्खी चकती झाकली.

"पडला!" खालून सत्यशीला ओरडली. "दादा, काटा पार बसला! शून्य!"

त्यानं हात उचलला.

"पाऊण."

पुन्हा ठेवला.

"शून्य!"

सिताराम आपल्या पंजाकडे बघत राहिला. पस्तीस चकत्यांवर रखरखीत ऊन होतं. झाकलेली एक. तेवढ्यानं सगळं थांबलं होतं. एक छत्तिसांशानं कमी व्हायला हवं होतं. सगळं कसं थांबेल?

आणि मग त्याला ती रांग आठवली.

पाझर तलावाच्या कामावर खड्ड्यापासून बांधापर्यंत माणसांची रांग असायची. मातीचं घमेलं या हातातून त्या हातात जायचं. कुणी जागा सोडायची नाही. एकानं हात थांबवला की मागचं घमेलं मागे आणि पुढचे सगळे रिकाम्या हातानं उभे. त्या रांगेत छत्तीसच माणसं होती असं नाही, पण तेवढीच असतील. रांग हळू चालायची. मुकादम पुढून मागून ओरडत फिरायचा. धडधाकट गड्यांना शिव्या द्यायचा. ते जोर लावायचे. काही फरक पडायचा नाही. कारण हळू होती ती त्याची आई, बायनाबाई. तिचा उजवा खांदा निखळलेला होता. मुकादमाला कळलं असतं तर त्यानं तिला घरी पाठवलं असतं. सितारामला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो शेजारच्या माणसाची जागा मागून तिच्या पुढं उभा राहिला. तिच्याकडे दोन पावलं जाऊन घमेलं घ्यायला लागला. तिचा हात निम्माच उचलायला लागायचा. रांग धावायला लागली. मुकादमाला वाटलं, आपल्या शिव्यांचा गुण.

सिताराम टपावर तसाच बसून राहिला. खालून किशनराव म्हणाले, "मिस्त्री, ऊन लागलं का?"

"न्हाई. थांबा."

रांगेतल्या जोरकस गड्याला जरा अडवलं तर काय व्हायचं? काही नाही. त्याला तसाही वेळ उरायचा. पण हळू चालणाऱ्याला तेवढंच अडवलं तर सगळ्या रांगेला कळायचं.

त्यानं या वेळी पंजा ठेवला नाही. दोनच बोटं ठेवली. पहिल्या चकतीवर.

"किती?"

"पाऊण."

दुसरीवर.

"पाऊण."

"पुढं?"

"पाऊणच की, दादा."

तो एकेक चकती करत सरकत गेला. दोन बोटं, थोडी सावली. पाऊण, पाऊण, पाऊण. सत्यशीलाचा आवाज पाढे म्हटल्यासारखा झाला. किशनराव शिडी सोडून मीटरपाशी येऊन वाकले. शेवटच्या ओळीच्या खालच्या टोकाला, गाडीच्या पलीकडच्या बाजूला, जिथं जमिनीवरून दिसत नाही आणि शिडीवरून फडकं पोचत नाही, तिथं त्यानं बोटं ठेवली.

"पडला!" सत्यशीला आणि किशनराव एकदम ओरडले. "पाव! पावच्या बी खाली!"

सितारामनं बोटं उचलली नाहीत. बोटांखाली काच नव्हती. काहीतरी खरखरीत होतं. डोळ्याला ते दिसत नव्हतं. काळ्या काचेवर काळ्या जमिनीची धूळ बसली होती, जाड, साल धरलेली, आणि तिचा रंग चकतीच्या रंगासारखाच होता. पण धूळ अशी चिकटत नाही. धूळ कोरड्या फडक्यानं जाते. ही नखानंही निघेना.

"पाण्याचा तांब्या द्या," तो म्हणाला.

पाणी ओतल्यावर ती साल भिजली. बुळबुळीत झाली. पांढरी झाली. त्यानं फडक्यानं घासली तेव्हा फडकं चिकट झालं. ते त्यानं खाली टाकलं. सत्यशीलानं उचललं, नाकाशी नेलं. तिनं पुन्हा वास घेतला.

"दादा," ती म्हणाली, "हा चीक हाय."

"कसला?"

"गव्हाचा. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा. कुरडईचा चीक."

किशनरावांच्या बोटातल्या चाव्या फिरायच्या थांबल्या.

गाडी घरी न्यायची नाही असा नियम होता. तो गाडीच्या दारावर आतून चिकटवलेला होता. पाडव्याला दोन दिवस सुट्टी होती. किशनराव गाडी घेऊन झरीला गेले होते. सणाला आपल्या दारात गाडी उभी असावी, एवढंच. अंगणात उन्हात लावली होती, सांगितल्याप्रमाणे. दुपारी ते झोपले. त्यांच्या आई कस्तुराबाई वाळवणाला जागा शोधत होत्या. खाली कोंबड्या, ओट्यावर शेळी, माळवदावर कावळे. आणि समोर ही काच. वाफ निघेल इतकी तापलेली, उंच, थोडी उतरती. त्यांनी शेजारच्या पोरीला शिडीवर चढवलं, धुतलेलं लुगडं अंथरलं आणि त्यावर सोऱ्यानं कुरडया घातल्या. चीक पातळ झाला होता. लुगड्यातून पाझरून उताराला, काचेच्या कडेला जाऊन साचला. संध्याकाळी कुरडया आणि लुगडं उचललं. चीक काचेवरच वाळला. पुढचे पंधरा दिवस रस्त्याची काळी धूळ त्यावर बसत गेली.

किशनरावांनी हे सगळं जमिनीकडे बघत सांगितलं. शेवटी म्हणाले,

"मला दुसऱ्या दिशी कळलं. मी मायला बोललो बी. ती म्हणली, काच चांगली तापायलती, कावळा येईना, कोंबडी येईना, अन् मी धुतलेलं लुगडं टाकलंतं. काय इटाळ झाला का तुझ्या काचंला? आता काय बोलावं? मला वाटलं, कडंला दोन थेंब पडले असतील. तेवढ्यानं काय व्हतंय?"

सिताराम टपावरून म्हणाला, "मला बी तसंच वाटलं असतं."

त्यानं खालच्या तीन चकत्या धुतल्या. कोमट पाणी, फडकं, पुन्हा पाणी. पहिली धुतल्यावर काटा दीडवर आला. दुसरी धुतल्यावर जागचा हलला नाही. तिसरी धुतल्याबरोबर तो उसळला.

"दादा, पावणेतीन!" सत्यशीलाचा आवाज फुटला. ती उभी राहिली, पुन्हा बसली, पुन्हा काट्याकडे बघितलं. "पावणेतीन. राह्यलाय तिथंच."

सिताराम खाली उतरला आणि मग पहिल्यांदा त्याच्या तळव्यांना भाजल्याचं कळलं.

शनिवारी बाराला पुण्याचे साहेब आले. तरुण होते, डोक्याला टोपी, हातात कातडी पेटी. त्यांनी पेटीतून मीटर काढलं आणि आधी व्होल्ट बघितले. एकोणीस. सिताराम सत्यशीलाकडे बघून डोळ्यांनीच हसला. मग साहेबांनी फ्रीज उघडला. आत हात घातला आणि लगेच काढला. दोन रात्री आणि दोन दिवस फ्रीज बंद पडला नव्हता.

"बिघाड काय होता?" साहेबांनी कागद काढला. त्यावर एक रकाना होता, बिघाडाचे कारण. त्याच्या खाली दुसरा, जबाबदार व्यक्ती.

किशनराव गाडीच्या मागं उभे होते. चाव्या मुठीत होत्या. चावीचं टोक तळव्यात रुतलं असेल इतकी मूठ आवळलेली.

"माती होती साहेब," सिताराम म्हणाला. "आमच्याकडची काळी. खालच्या कडंला बसली व्हती."

"इतक्याशा मातीनं?"

मग सितारामनं त्यांना शिडीवर चढवलं. एका चकतीवर पंजा ठेवायला लावला. काटा बसला. साहेबांनी हात उचलला, ठेवला, उचलला. हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं, असं ते म्हणाले. पण दोष कुठल्या चकतीत आहे ते असं दोन बोटांनी काढता येईल, हे त्यांना कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. ते खाली उतरून बराच वेळ सितारामच्या सदऱ्याच्या भोकांकडे बघत राहिले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"पाझर तलावावर शिकलो."

"कुठल्या संस्थेत?"

"रांगेत," सिताराम म्हणाला. साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी रकान्यात लिहिलं, काळी माती. खालच्या रकान्यात आडवी रेघ मारली. गाडी सेलूतच राहील असं सांगून दुपारच्या गाडीनं परभणीकडे गेले.

ते गेल्यावर सत्यशीला म्हणाली, "अर्धंच सांगितलंस की."

"माती नव्हती का?"

"चीक बी व्हता. तुला काय पुळका आलाय त्यांचा? चार माणसांत नामांतरावरून हसतेत तुला."

सितारामनं ॲम्पिअरचा मीटर पुन्हा चार्जरवर बसवला. पाना फिरवत म्हणाला, "मुकादमाला नाव सांगायची सवय न्हाई मला."

महिन्याभरानं पुण्याहून टंकलिखित परिपत्रक आलं. सगळ्या जिल्ह्यांतल्या सगळ्या गाड्यांना. काळ्या जमिनीच्या प्रदेशात पॅनेल दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावे, विशेषतः खालची कड. सत्यशीलानं ते टपरीत मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसता हसता तिला ठसका लागला.

त्याआधीच एक दिवस किशनराव टपरीत आले होते. बसले नाहीत. फळीवर एक पितळी डबा ठेवला.

"मायनं दिल्यात. कुरडया."

"कशाला?"

"त्याच हायेत," किशनराव म्हणाले. "काचंवरच्या."

गीताबाईनं त्या संध्याकाळी तळल्या. कढईत टाकली की कुरडई चौपट फुलायची. सितारामनं एक हातात धरून उजेडाकडे केली. बॅटरीत जायचं ऊन इकडे गेलं, तो म्हणाला. गीताबाई म्हणाली, "मोडा अन् खा."

प्रश्न डब्याचा होता. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. सिताराम म्हणाला, "शेंगदाणे घाल. कोरडे." कोरडं धान्य कुणाच्याही घरून कुणाच्याही घरी चालतं. शिजवलेलं चालत नाही. झरीच्या किशनरावांच्या घरी यांच्या हातचं शिजवलेलं कधी गेलं नव्हतं, हे न सांगता दोघांना ठाऊक होतं.

"शेंगदाणेच घालते," गीताबाई म्हणाली. मग तिनं ते भाजले, लसूण, तिखट घालून उखळात कुटले, तेलावर परतले आणि डबा गळ्यापर्यंत भरला. "शेंगदाण्याचीच हाय," ती म्हणाली. सितारामनं डब्याकडे बघितलं आणि झाकण घट्ट लावलं.

किशनरावांनी डबा उचलला. वजन कळलं, वासही आला. डबा त्यांनी गाडीत मागे न ठेवता पुढे, आपल्या सीटशेजारी ठेवला.

पुढच्या खेपेला गाडी झरीला गेली. चावडीसमोर उन्हात उभी राहिली. बायांची रांग लागली. रांगेत कस्तुराबाई होत्या, कडेवर नातू. त्यांचा नंबर आला. सत्यशीलानं फ्रीज उघडून थंडगार कुपी काढली, सुई भरली, पोराला टोचली. पोरगं रडलं. कस्तुराबाईंनी त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं आणि जायला वळल्या. दोन पावलं जाऊन मागे फिरल्या.

"अगं सिस्टर," त्या म्हणाल्या, सगळ्या रांगेला ऐकू गेलं, "तुझ्या भावजयीला सांग, चटणीत मीठ कमी पडलं."

सत्यशीलानं सेलूला आल्याबरोबर टपरीत जाऊन ते सांगितलं. सिताराम एका ट्रकच्या बॅटरीत नळी बुडवून बसला होता. त्यानं नळी तशीच धरून ठेवली. कांडी तरंगत राहिली.

"खाल्ली म्हण की," तो हळूच म्हणाला.

गीताबाई डबा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कमी?" ती म्हणाली. "मीठ कमी? मी चाखून बघितलं होतं. बरोबर होतं मीठ. त्यांनाच खारट खायची सवय असंल!"

आठ दिवसांनी गाडी पुन्हा झरीला निघाली तेव्हा तिनं किशनरावांच्या सीटशेजारी दुसरा डबा ठेवला. मीठ तेवढंच होतं.